शेजाऱ्यांशी सहकार्याचं प्रकरण

रियाधमध्ये बसून मी युरोपातल्या पवनचक्क्यांची काळजी करत असे आणि त्याचा मला पगार मिळत असे. नाशिकला हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे नक्की काय करत होतास? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मला आता कंटाळा येतो. पण एकदा नीट सांगून टाकावं, म्हणून लिहायला बसलो आहे.

मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर. आधी सौदीतल्याच जुबैलला एका रसायन कारखान्याच्या सबस्टेशनवर होतो, मग रियाधला एका सल्लागार कंपनीत आलो. परदेशी माणसं काढून त्यांच्या जागी सौदी नेमायचे, त्या सौदीकरणाने जोर धरला ती ही वर्षं. शहरात मेट्रोचे खांब उभे राहिले होते, वर गाडी नव्हती आणि खाली रस्ते वर्षानुवर्षं खणलेले होते. तिथल्या एका सरकारी कार्यालयाला एक अभ्यास हवा होता. वाळवंटात ऊन फुकट आहे, शेजारची आखाती राष्ट्रंही तशीच उन्हात भाजतायत, तर सगळ्यांनी मिळून सौर प्रकल्प उभारावेत का आणि त्यांना लागणारी सरकारी मदत कुणी, किती, कशी द्यावी? युरोपवाले हा खेळ कितीतरी वर्षं खेळतायत, तेव्हा त्यांनी काय केलं ते आधी बघा, असं काम आमच्याकडे आलं. अभ्यासाचा प्रमुख मी.

विषय ऐकायला जड आहे, पण आत काहीच जड नाही. वाऱ्याची आणि उन्हाची वीज सुरुवातीला महाग पडायची, म्हणून प्रत्येक सरकारने तिला आधार दिला. जर्मनीने वर्षानुवर्षांचा ठरलेला दर दिला. स्वीडनने वीज विकणाऱ्यांना हिरव्या विजेची प्रमाणपत्रं विकत घ्यायला भाग पाडलं. पुढे बहुतेकांनी लिलाव सुरू केले, जो कमीत कमी मदत मागेल त्याला प्रकल्प. ज्याचं त्याचं गणित, ज्याची त्याची तिजोरी. परिणाम असा की ऊन स्पेनमध्ये आणि सौर पट्ट्या जर्मनीतल्या ढगाळ आभाळाखाली. सगळ्यांनी धोरणं जुळवून घेतली असती तर जिथे ऊन तिथे पट्ट्या, जिथे वारा तिथे चक्क्या, आणि सगळ्यांनाच वीज स्वस्त. हे शाळेतल्या पोरालाही पटेल. पटून उपयोग नसतो. नाशिकच्या आमच्या सोसायटीत चार इमारती आहेत आणि चार बोअरवेल आहेत. एक पुरली असती. पण पंप कुणाच्या इमारतीखाली बसणार आणि बिल कुणाच्या मीटरवर येणार, यावर सभेत एकमेकांच्या अंगावर धावून गेले लोक.

युरोपात कायद्याने दार उघडं ठेवलेलं होतं. दोन देशांनी मिळून प्रकल्प करावा, एकाने पैसे द्यावेत, दुसऱ्याने जमीन द्यावी, हिरव्या विजेचा हिशेब दोघांत वाटून घ्यावा. त्या दारातून जाणारे अगदी थोडे. स्वीडन आणि नॉर्वेने प्रमाणपत्रांचा एकच बाजार चालवला, पण नवे प्रकल्प यापुढे आम्ही धरणार नाही असं नॉर्वेने ठरवून टाकलं. जर्मनी आणि डेन्मार्कने एकमेकांसाठी सौर लिलाव खुला केला तेव्हा निवड झालेले सगळे प्रकल्प डेन्मार्कच्या जमिनीवर आले. पैसा जर्मन ग्राहकाच्या बिलातला, पट्ट्या डेन्मार्कच्या शेतात. हिशेबाच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं ते, कारण तिथे स्वस्त पडत होतं. पण स्टुटगार्टच्या एखाद्या आजीबाईंना ते कोण समजावणार?

या सगळ्यात मला चीड आणणारी एक गोष्ट होती. प्रत्येक देशाला आपला ऊर्जेचा आराखडा ब्रसेल्सला पाठवावा लागायचा आणि त्यात शेजाऱ्यांशी सहकार्य या विषयावर काही ना काही लिहावंच लागायचं. ती प्रकरणं मी डोळ्यांत तेल घालून वाचली. ‘शक्यता तपासून पाहिल्या जात आहेत.’ ‘चर्चा प्राथमिक टप्प्यावर आहे.’ पुढचा आराखडा उघडावा तर चर्चा अजून प्राथमिक टप्प्यावरच. लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्याला माहीत, की हे होणार नाही. सक्ती आहे म्हणून लिहायचं. मी ती वाक्यं मोठ्याने वाचून दाखवायचो आणि समोरच्या टेबलावरची माझी सहकारी हसायची.

ती सौदी. जर्मनीत शिकून आलेली इंजिनीअर, अबाया घालून सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर. जर्मन कागदपत्रं मला इंग्रजीतून वाचावी लागायची, ती मुळातून वाचायची आणि इंग्रजीत काय गाळलंय ते सांगायची. मला ती मुहंदिस म्हणायची, म्हणजे इंजिनीअर, आणि मी तिला मुहंदिसा. मला तिच्यात खोट काढायची फार इच्छा असे, कारण स्थानिक लोकांना फक्त कोटा भरायला घेतात असं आम्ही परदेशी लोक चहा पिताना एकमेकांना सांगून बरं वाटून घ्यायचो. तिच्यात खोट निघेना. चरफडत का होईना, मी तिला मानायला लागलो.

चहाच्या त्या गप्पांत आता माणसंच कमी उरली होती. परदेशी माणसाला सोबतच्या घरच्या प्रत्येकामागे कर भरावा लागू लागल्यापासून कुटुंबं भराभर परत जात होती. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहायचे, त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तो धंदा सौदींसाठी राखीव झाला आणि दुकान गेलं. बायकामुलांना कोकणात पाठवून ते एकटेच काही दिवस मागे राहिले. एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “खलास झालं हो आमचं. तुमचं बरंय, तुमची पोस्ट मोठी. तुम्हाला कोण हात लावतोय?” मलाही तसंच वाटत होतं. मी त्यांना धीर दिला. धीर देताना माणूस किती मूर्ख दिसतो ते मला नंतर कळलं.

माझी स्वतःची गरज फार मोठी नव्हती. मला फक्त एक वर्ष हवं होतं. मुलगी अकरावीत होती. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, म्हणून तिने गणिताबरोबर इंजिनीअरिंग ग्राफिक्स हा विषय घेतला होता. रियाधच्या तिच्या शाळेत तो होता. जेवणाच्या टेबलावर तिचा ड्रॉइंग बोर्ड पसरलेला असायचा आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. बाहेर गाडीतून जाताना ती इमारतींकडे बघून सांगायची, ही दर्शनी बाजू पश्चिमेला का केली, आतली माणसं भाजून निघत असतील. त्या वयात मला दर्शनी बाजू म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तिची बारावी मार्चमध्ये संपणार होती आणि माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला संपत होता. तिचा इकामा माझ्या इकाम्याला टांगलेला. माझा गेला की तिचाही गेला. एकदा नूतनीकरण झालं की मार्च पार पडत होता. पुढे मला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं.

आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, जॉर्डनचा होता. गोड बोलणारा, घाबरट माणूस. त्याने मला स्पष्ट सांगितलं, “अभ्यासाचा दुसरा टप्पा मिळाला की तुझा इकामा एक वर्षाने वाढला म्हणून समज. नाही मिळाला तर मी काही करू शकत नाही.” दुसरा टप्पा म्हणजे आखाती शेजाऱ्यांची धोरणं जुळवून पाहणारा एक कायमचा विभाग. म्हणजे युरोपात जे जमलं नाही ते इथे जमवायचं. ते जमेल यावर माझा कवडीचा विश्वास नव्हता. पण विभाग उघडावा असं मात्र मला मनापासून वाटत होतं. अहवालात युरोपाबद्दल मी खरं तेच लिहिलं, की प्रत्येक जण आपल्या मीटरपुरतं बघतो. आणि शेवटी लिहिलं की म्हणूनच सुरुवातीपासून एक विभाग हवा. यात खोटं काही नव्हतं.

अहवाल आणि दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव एकत्रच द्यायचा होता. तिथल्या प्रत्येक प्रस्तावात एक प्रकरण सक्तीचं असतं, स्थानिकांना रोजगार कसा देणार. त्याला गुण असतात. हे प्रकरण सगळीकडे आम्ही परदेशी लोकच लिहितो, कारण प्रस्ताव लिहिणारे आम्हीच असतो. केरळचा माणूस लिहितो, लाहोरचा लिहितो, मी लिहितो. कुठल्या पदावरून परदेशी माणूस कधी जाईल आणि सौदी माणूस कधी येईल याचा तक्ता. मी असे कितीतरी तक्ते केले होते. रिसेप्शन, ड्रायव्हर, कागदपत्रं सांभाळणारा, ही पदं आधी. मोठी पदं अगदी शेवटच्या वर्षात ढकलायची, तोवर प्रकल्प संपलेला असतो. तो तक्ता नंतर कुणी उघडून बघत नाही. फाइल कपाटात जाते. लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्याला माहीत.

या वेळी मुदीर म्हणाला, “आता नियम कडक झालेत. खालची पदं दाखवून गुण मिळत नाहीत. वरचं एखादं पद पहिल्याच वर्षात दाखव.”

“कुठलं?”

“तू बघ. कागदावरच तर दाखवायचंय.”

मी नावांची यादी समोर घेऊन बसलो. ग्रिडचं गणित करणारा केरळचा माणूस होता, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. करारांचं बघणारा इजिप्शियन होता, त्याला घर बांधायचं होतं. त्यांच्या पदापुढे ‘पहिलं वर्ष’ लिहायला हात धजेना. शिवाय त्यांनी ते पाहिलं असतं तर उगाच भांडले असते. मग मी माझं पद लिहिलं. अभ्यास-प्रमुख, पहिलं वर्ष. नुसतं लिहून थांबलो नाही. गुण मिळवायचे होते, म्हणून त्यासाठी योग्य सौदी उमेदवार कंपनीत आहे, जर्मनीत शिकलेली आहे, तीन महिन्यांत सूत्रं हाती घेऊ शकते, हेही लिहिलं. ते खरंच होतं, म्हणून वाक्यं चांगली उतरली. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “अहो, हे असलं कशाला लिहायचं आपल्या हाताने?”

मी म्हणालो, “अगं, फॉर्म्यालिटी आहे. याच्यावर तर दुसरा टप्पा मिळणारे.”

माझ्या धंद्यातलं मला जास्त कळतं अशी तिची समजूत होती.

सादरीकरणाच्या दिवशी आम्ही तिघे गेलो, मुदीर, मी आणि मुहंदिसा. सरकारी कार्यालयातला मोठा अधिकारी तरुण होता आणि त्याने खजूर आणि कॉफी मागवली. युरोपावर मी जीव तोडून बोललो. स्वीडन-नॉर्वे सांगितलं, डेन्मार्कच्या शेतातल्या पट्ट्या सांगितल्या, एकमेकांवर विश्वास नसला की चांगला कायदाही कसा पडून राहतो ते सांगितलं. त्याने मान हलवली आणि फोन पाहिला. मग त्याने प्रस्ताव ओढून घेतला, पानं उलटत गेला आणि एका पानावर थांबला. बराच वेळ वाचत राहिला. ते पान मी लांबूनही ओळखलं, तक्त्याचं होतं.

“हे कोणी लिहिलं?” त्याने विचारलं.

मुदीरने अभिमानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“माशाल्ला,” अधिकारी म्हणाला. “सगळे लोक ड्रायव्हर आणि रिसेप्शन लिहून आणतात. त्यांना वाटतं आम्ही वाचत नाही. पहिल्यांदा कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलंय.” तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग मुहंदिसेकडे वळून अरबीत काहीतरी बोलला. ती खाली बघत होती.

दुसरा टप्पा मंजूर झाला. अट एकच होती, तक्त्याप्रमाणे आणि लगेच. माझी बाकीची सगळी शिफारस, तो युरोपचा सगळा अभ्यास, पुढच्या बैठकीसाठी ठेवला गेला. चर्चा प्राथमिक टप्प्यावर आहे असं अधिकाऱ्याच्या पत्रात लिहिलं होतं. युरोपात इतक्या देशांनी इतकी सक्तीची प्रकरणं लिहिली, त्यातलं एखादंही कुणी असं तातडीने अमलात आणलेलं मला आठवत नाही. माझं आणलं.

मी मुदीरकडे गेलो. म्हटलं, मला कुठल्याही पदावर ठेव, टायपिस्ट म्हणून ठेव, मार्चपर्यंत ठेव. तो हात चोळत राहिला. म्हणाला, “तूच लिहिलंयस रे. आता मी काय सांगू त्यांना, माणूस गेला नाही म्हणून?” मुहंदिसा मला न सांगता त्याच्याकडे गेली होती आणि मी मार्चनंतर पद घेते असं म्हणाली होती. त्यावर त्याने तिला सांगितलं, तू आत्ता घेतलं नाहीस तर मंजुरीच रद्द होईल आणि सगळ्यांचंच काम जाईल. केरळच्या माणसाचं, इजिप्शियनचं, सगळ्यांचं. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोळे लाल होते.

“मुहंदिस, मी काय करू?”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. घे ना, तुमचाच देश आहे, असं तोंडाशी आलं होतं. पण ती दुसरं करणार तरी काय होती? मी म्हणालो, “घे.” आणि त्या दिवसापासून तिला काम समजावून द्यायला लागलो. नीट समजावलं. आयुष्यात दुसरं काही मला नीट येत नाही.

मुलीला सांगायचं काम बायकोने माझ्यावर सोपवलं. शुक्रवारची दुपार होती आणि ती ड्रॉइंग बोर्डवर वाकलेली होती. मी सांगून टाकलं. तिने पेन्सिल खाली ठेवली नाही.

“Till March पण नाही?”

“नाही.”

“मी इकडे कुणाकडे राहिले तर? माझ्या फ्रेंडकडे?”

“तुझा इकामा माझ्यावर आहे, राणी.”

“मला माहितीये,” ती म्हणाली. “मी फक्त विचारलं.” आणि पुन्हा रेघ मारायला लागली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि मग उगाच पाणी प्यायला आत गेलो.

ऐन बारावीच्या मध्यावर आम्ही फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडल्याचा शिक्का, घेऊन नाशिकला आलो. मी शाळांचे उंबरठे झिजवले. एका शाळेत जागा नव्हती. दुसरीत जागा होती, पण बोर्डाची परवानगी यायला वेळ लागेल म्हणाले. बहुतेक ठिकाणी इंजिनीअरिंग ग्राफिक्स हा विषयच नव्हता. एका प्राचार्यांनी सहानुभूतीने सांगितलं, की विषय जुळत नाहीत, विषय बदलायचा तर अकरावीपासूनच यावं लागेल. देशादेशांची धोरणं का जुळत नाहीत यावर मी लांबलचक अहवाल लिहिला होता. इथे एका मुलीचे पाच विषय मला एका शहरात जुळवता आले नाहीत. मी प्राचार्यांशी भांडलो. ते ऐकून घेत राहिले. त्यांनाही बहुधा सवय असावी.

वर्ष गेलंच. पुढच्या जूनमध्ये कॉलेजात अकरावीच्या प्रवेशासाठी आम्ही दोघे रांगेत उभे होतो. आजूबाजूची सगळी पोरं तिच्याहून लहान. मी दरम्यान बरीच शोधाशोध करून ठेवली होती. सायन्स घे, ड्रॉइंगचा बाहेर क्लास लावू, आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा वेगळी असते, मी सगळी माहिती काढलीये, असं तिला रस्ताभर सांगत आलो होतो. ती हो हो म्हणत होती. खिडकीशी नंबर आला तेव्हा अर्ज तिने स्वतःच आत सरकवला. मी खांद्यावरून पाहिलं. तिने कॉमर्सवर खूण केली होती.

“अगं, हे काय? चुकून झालं का?”

“नाही.”

“तुला कधीपासून कॉमर्स आवडायला लागलं?”

“आवडतं असं नाही, बाबा,” ती म्हणाली. समजूत घातल्यासारखी, अगदी हळू. “पण हा विषय सगळीकडे असतो. पुन्हा कुठे जावं लागलं तर मिळतो.”

क्लार्कने अर्जावर शिक्का मारला.